होडीतला मळा

“ठेव ती घागर! खाली ठेव म्हंतो ना! सुतकाच्या घरात कोन झाडांना पानी घालतं रे?”

हरिकाका असे ओरडले की खाडीत चढत आलेली भरती दचकून अर्ध्या वाटेवरून मागं फिरली आणि पार रेवसच्या धक्क्यापर्यंत मचवे चिखलात बसले. धर्मा, तू असतास तर आवाज जराही न चढवता म्हणाला असतास, “गोंद्या, ओहोटीचीच येळ व्हती.” बरं बाबा, ओहोटीचीच वेळ होती. पण तुझे चुलते ओरडले हे खरं, आणि भरली घागर खांद्यावर घेऊन मी तुझ्या परसात, तू दोन होड्यांत लावलेल्या झाडांपाशी उभा होतो हेही खरं. तुझी राख अजून नीट निवली नव्हती.

घागर मी खाली ठेवली नाही.

“काका,” मी म्हटलं, “सुतक तुमच्या भावकीला. मी भावकीतला न्हाय.”

“तू कुनाच्यातच न्हाय! शेत थांबतं धनी गेला की. मळा थांबतो. ह्या झाडांनीच काय नवस केलाय?”

“शेताला खाली माती हाय, काका. ती पानी धरून ठेवते. ह्यांच्या मुळाशी काय हाय? फुटकी कौलं! आज पानी चुकलं तर सांजच्याला माना टाकतील. मंग धर्माबरोबर त्यांचं पन तेरावं घाला.”

“टाकू देत माना! नाय तरी ह्या होड्या फोडायच्याच हायत. तेराव्याच्या जेवनाला लाकूड कुठनं आननार? तिवरांचं वलं लाकूड नुसतं धुमसतं. ही बघ, सुकी, डांबर प्यालेली फळी. आन् चांगुनेला तिचा भाऊ माहेरी न्यायाला येतोय, तळा गावी. घरात मानूस न्हाय, मंग होडीत वांगी कुनासाठी?”

इथं माझं तोंड बंद झालं. माझं तोंड बंद होणं म्हणजे काय हे तुला ठाऊक आहे. शेवटचं ते बंद झालं होतं कांजिण्यांत, आणि तेव्हाही गावानं शेजारच्या तीन गावांत साखर वाटली होती.

चांगुणावहिनीनं तुझ्या घरात राहायचं की भावाच्या ओसरीवर बसून दुसऱ्याच्या चुलीतल्या भाकरीची वाट बघायची, हे आता त्या दोन म्हाताऱ्या होड्यांवर येऊन ठेपलं होतं. तुझ्या शेताच्या तुकड्यात अजून खारं गवतच उगवतं. मिठागरात एकट्या बाईला कोणी धड काम देत नाही. तिच्या ताटात येणारं जे काही होतं, ते त्या होड्यांतून येत होतं. काकांचा त्यात वाईट हेतू नव्हता. त्यांच्या हिशेबी माणूस गेलं की त्याचा खटाटोप त्याच्याबरोबर जातो.

तेवढ्यात दाराच्या आडून आवाज आला. रडून रडून बसलेला, पण सरळ.

“होड्या तेराव्यापरेंत राहू देत, मामंजी. भावजींना पानी घालू देत.”

काकांनी पागोटं सारखं केलं, माझ्याकडे असं बघितलं की माझ्या घागरीतलं पाणी कोमट झालं, आणि गेले. मी पाणी घातलं. घालताना तुला शिव्याही घातल्या. मोठ्यानं नाही, सुतक होतं.

धर्मा, हा सगळा उपद्व्याप तू वाळवंटातून आणलास. लढाईच्या काळात तू सैन्याच्या भटारखान्यात काम करायला इराकात गेलास. तू परत येण्याआधीच तुझ्या वतीनं मी गावात सांगून ठेवलं होतं की धर्मानं एकट्यानं रणगाडा पकडला, आणि तोही कढई घालून. गावानं मान डोलावली. तू बंदरावर उतरलास, लोक भोवती जमले, कोणीतरी विचारलं, रणगाड्याचं कसं काय झालं? तू म्हणालास, “मी कांदे सोलत व्हतो.”

आणि मग तू एकच गोष्ट सांगितलीस. तिथं माती नव्हती, नुसती वाळू आणि खडी. सायबांनी खडीचे हौद बांधले होते, खत पाण्यात विरघळवून ते पाणी खडीत सोडायचे, आणि त्या खडीत टोमॅटो लागायचे. ज्याला आपली म्हातारी माणसं विलायती वांगं म्हणायची, तेच. लालभडक, मुठीएवढे. तू स्वतः तोडले होतेस.

गाव पोट धरधरून हसलं. रणगाड्यावर विश्वास ठेवणारं गाव, धर्मा, टोमॅटोवर हसलं! त्या दिवशी मला कळलं की जगात माझ्यासारख्यांची चलती का आहे.

मग स्वातंत्र्य आलं. आणि त्याच्या पाठोपाठ एका अवसेच्या उधाणानं खाडीचा बांध फोडला. खारं पाणी भातात शिरलं. खाडी आपलं पाणी परत घेऊन गेली खरी, पण मीठ आपल्याला ठेवून गेली. बांध पुन्हा घातला, पुन्हा फुटला. गावातली माणसं मुंबईच्या गिरण्यांकडे निघाली. ज्यांना जायचं नव्हतं ती आभाळाकडे बघत बसली. तू एकटा जमिनीकडे बघत होतास. एका सकाळी माझ्या दारात येऊन म्हणालास, “गोंद्या, तुझी ती फुटकी होडी दे. माती खारट झाली ना? मंग मातीबिगर करू.”

मी होडी दिली. दुसरी तुझ्या बापाची होती, मासेमारीतून कधीच निवृत्त झालेली. तू दोन्ही आतून डांबरानं माखल्यास. एक दगडांवर उंच चढवलीस, दुसरी तिच्या शेपटीशी खाली ठेवलीस. माझ्या मचव्यातून मंगलोरी कौलं यायची, त्यांतली वाटेत फुटलेली मी तुझ्या परसात आणून ओतायचो आणि आपण दोघं बसून ती सुपारीएवढी बारीक करायचो. श्रीवर्धनची सुपारीसुद्धा इतक्या प्रेमानं कोणी कातरली नसेल. दोन्ही होड्या कौलांच्या तुकड्यांनी भरल्या. वरच्या होडीच्या नाळेशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, खताचं पाणी ओतायचं, ते तुकड्यांतून झिरपत मागच्या बुचातून खालच्या होडीत, आणि खालच्या होडीतून पिंपात. पिंपातलं पुन्हा वर. मिठागरात वाफ्यासारख्या एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत पाणी सोडतात, अगदी तसं. तुला वाटलं, हे तर आपलंच काम. आपल्या बापजाद्यांनी दुसरं केलंय काय?

आणि तिथंच आपण फसलो.

मिठागरातली पोरं आपण. लहानपणापासून एकच शिकलो: पाणी जेवढं दाट तेवढं चांगलं, ऊन जेवढं कडक तेवढं बरं. रोपांची पानं जरा फिकी दिसली की तू म्हणायचास, “दाट कर.” मी दाट करायचो. कडेनं पानं करपली, तू म्हणालास, “अजून दाट कर.” मी तर काय, मला जास्त करायला सांगणं म्हणजे बैलाला उताराला लावणं. दोन्ही होड्या भर उन्हात उघड्या. आणि एका सकाळी कौलांच्या तुकड्यांवर पांढरी साय धरलेली दिसली.

धर्मा, आठवतो तुझा चेहरा? मिठागरात कोंडीवर पहिली पांढरी साय धरली की आपण काय करतो? नारळ फोडतो. दोघांनाही दुसरं काही सुचलंच नाही. तू धावत जाऊन नारळ आणलास, मी हळदकुंकू आणलं, होडीच्या नाळेवर तू नारळ फोडलास, आणि मी “मीठ पडलं! मीठ पडलं!” म्हणून असा नाचलो की अलिबागच्या किल्ल्यावर तोफ उडाल्याचं ऐकू आलं. (ती तोफ नव्हती. मी पिंपावर आपटलो होतो.)

चांगुणावहिनी आवाज ऐकून बाहेर आली. खोबऱ्याचा तुकडा हातात घेऊन तिनं एकदा होडीकडे, एकदा आपल्याकडे बघितलं. वाकून कौलाचा एक तुकडा उचलला, जिभेला लावला, थुंकली.

“तुमी भाजी करताय का मीठ?” तिनं विचारलं.

नारळाचं पाणी होडीतून टपटपत होतं.

“मीठ पायजे तर मिठागर हाय. ही रोपं मरायला लागलीत.”

मेलीच. सगळी. संध्याकाळी तू पिंप धुतलंस, दोन्ही होड्यांवर गोड्या पाण्याच्या घागरी ओतून ती साय धुऊन काढलीस, आणि नारळाच्या झावळ्या विणून दोन्ही होड्यांवर छप्पर केलंस. मला एवढंच म्हणालास, “जे शिकलो ते उलटं करायचं. पातळ ठेवायचं. ऊन अडवायचं. धुवून घेत ऱ्हायचं.” मिठागराचा एकच गुण तू राखलास. मीठ ओढून झाल्यावर कोंडीत जे कडू पाणी उरतं आणि आपण खाडीत सोडून देतो, त्याचे चार थेंब तू खतात टाकायचास. पानं अशी हिरवी व्हायची की पोपट येऊन चुकून नातलग समजून भेटायचे. त्याशिवाय सरकारी पांढरं खत, हाडाची भुकटी, चुलीतली राख, आणि होडीचे गंजके खिळे घातलेलं पाणी. एवढंच. माझ्या गोष्टीत तू यात एक मंत्रही घातलास असं मी लोकांना सांगत आलोय. तो मंत्र फार गाजला.

पुढच्या वर्षी वांगी लागली. मिरच्या लागल्या. टोमॅटो लागले आणि म्हाताऱ्यांनी ते लांबून बघितले. फाल्गुनात गावतळ्याच्या पाण्याचा चिखल व्हायला लागला तेव्हा बायका भांडायला आल्या, “आमाला प्यायाला न्हाय, आन् तुमी झाडांना पाजता?” तू त्यांना पिंपाशी नेलंस. पाणी वरून गेलं, खालून आलं. तू पिंपाकडे बोट दाखवलंस. “तीच घागर. पुन्ना पुन्ना. जेवढं झाडं पितात तेवढंच भरायचं. शेतात वतली असती तर जमिनीनं गिळली असती.” बायका गेल्या. त्यांतल्या एकीनं जाता जाता कोथिंबिरीची जुडी मागितली. तू दिलीस. तुझ्या जागी मी असतो तर तिला गंगा सांगितली असती, काशी सांगितली असती. तू फक्त बोट दाखवलंस.

आपलं भांडण यावरच होतं ना? मरेपर्यंत मिटलं नाही. पेणच्या बाजारात तुझी भाजी मी नेऊन विकायचो आणि भाजीपेक्षा गोष्टी जास्त विकायचो. आमच्या गावात होडीवर काकडीचा वेल सोडलाय, काकडी एवढी लांब की तिचं टोक मी पेणला कापून विकतोय आणि देठ अजून होडीत आहे, खाली गिऱ्हाइकं भांडताहेत आणि वर धर्मा वेल ओढून धरतोय! लोक हसायचे, हसता हसता भाजी घ्यायचे. तुला कळलं तेव्हा तू जेवतानाचा घास खाली ठेवलास.

“गोंद्या, काकडी वीतभर हाय.”

“अरे, वीतभर काकडी सगळ्यांकडे असते. वीतभर सांगून कोन थांबेल?”

“खरी काकडी पन तुझ्यामुळं खोटी वाटते लोकांना. कोन शिकायला यील हितं? सगळ्यांना वाटतं मी गारुडी हाय. जरा पानी घाल तुझ्या गोष्टीत.”

“गोष्ट पातळ केली की चव जाते.”

“खत दाट केलं की झाड जातं.”

मी तेव्हा काहीतरी मोठ्यानं बोललो आणि ताट घेऊन उठलो. दुसऱ्या दिवशी परत आलो, अर्थातच, कौलं फोडायला. तू भांडण विसरला नव्हतास आणि मीही नाही. असं आपलं वर्षानुवर्षं चाललं.

पण एक गोष्ट मी तुला सांगितली नाही. तुझ्याबरोबर घास घेणं असं अचानक संपणार आहे हे माहीत असतं तर सांगितली असती. त्या भांडणानंतरच्या बाजारात मी तुझ्या शब्दाखातर खरं बोललो. बल्लाळेश्वराची शपथ, एक अक्षर वाढवलं नाही. म्हटलं, बाबांनो, आमची जमीन खारट झाली, म्हणून माझा मित्र जुन्या होड्यांत फुटक्या कौलांवर, खताच्या पातळ पाण्यात वांगी करतो. तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरतो. काकडी वीतभर येते. लोकांनी माझ्याकडे बघितलं. एक म्हातारा म्हणाला, “गोविंदा, आज तुझी थाप जमली न्हाय. ती देठाची सांग.” टोपली तशीच परत आणली असती, म्हणून मग देठाची सांगितली. सांग बघ धर्मा, यावर तुझं काय उत्तर आहे? इतकी वर्षं मी ती गोष्ट गाठीला बांधून ठेवली होती, योग्य वेळी तुझ्या तोंडावर मारायला. आणि तू वेळच दिली नाहीस. हे मी तुला माफ करणार नाही.

आता सुतकातलं सांगतो, कारण ते तुला बघता आलं नाही.

रोज घागरी घेऊन यायचो. पाणी घालणं सोपं. खत कालवणं तुझं काम होतं. मी आयुष्यभर कौलं आणि बढाया पुरवल्या, मापं कधी बघितली नाहीत. वहिनी दाराच्या आत बसलेली. सुतकात तिनं होडीला हात लावायचा नाही, उंबऱ्याबाहेर यायचं नाही. मी पिंपाशी करवंटी घेऊन उभा. पहिली करवंटी पांढऱ्या खताची टाकली. मग वांग्यांकडे बघितलं. फळं धरली होती, नव्या कळ्या येत होत्या. तुझ्या हातची शेवटची रोपं. वाटलं, यांना उपाशी ठेवू नये. आणखी एक भरली.

“भावजी,” आतून आवाज, “कितवी ती?”

“पहिली गेली, वयनी. ही धर्माच्या नावाची.”

आत तिनं पदरानं नाक पुसलं. मग ती म्हणाली, “ती परत पोत्यात टाका. त्यांच्या नावानं झाडं जाळू नका.”

मी टाकली. माझ्यासारख्या माणसानं हात आवरला, हे कोणी बघायला नव्हतं. आत ती रडत होती आणि मध्येच रडणं थांबवून सांगत होती: राख चिमटीनं, भुकटी आधी भिजवून, कडू पाणी थेंबानं, झावळी पश्चिमेकडची खाली ओढा, दुपारचं ऊन तिथनं येतं. तू तिला कधी शिकवलंस कोण जाणे. की तिनंच तुला शिकवलं? तो पांढऱ्या सायीचा तुकडा आठवला आणि मी हा प्रश्न सोडून दिला.

दिवसभर असंच. ती उंबऱ्याच्या आत, मी होडीशी. ती सांगायची, मी करायचो. माझ्या मचव्यावर माझा हुकूम चालतो, हे खोटं असलं तरी मी सांगत आलोय. पण हुकूम म्हणजे काय ते मी त्या दिवसांत पाहिलं. आणि तिनं माहेरी जाण्याचा विषय एकदाही काढला नाही. फक्त एकदा विचारलं, “भावजी, काकडीचं बी कुठं ठेवलंय त्यांनी?” तेव्हाच मला कळलं की तिला जायचं नाहीये. आणि तिला जायचं नसेल तर हरिकाका काय, प्रत्यक्ष खाडी आली तरी मी त्या होड्या फोडू देणार नव्हतो.

तेराव्याच्या सकाळी काका कुऱ्हाड घेऊन आले. बरोबर भावकीतले दोघंतिघं. मी आधीच माझ्या मचव्याची जुनी डोलकाठी फोडून चुलीपाशी रचून ठेवली होती. इतकं लाकूड की त्यात मुंबईचे सगळे नोकरदार जेवले असते. (गावाला पुरलं.)

“लाकूड आलं, काका,” मी म्हटलं.

“तुझी डोलकाठी तुला लखलाभ. ठरलं ते ठरलं.” काका होडीपाशी गेले. वहिनीनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि ओसरीवरून म्हणाली, “मामंजी, आधी भाजी काढून घ्या. जेवनाला तीच करायची हाय. त्यांच्या हातची.”

हे कोणाला नाकारता येईना. टोपल्या आल्या. वांगी काढली, काळीभोर, काटेरी देठाची. मिरच्या काढल्या. होडीवरच्या वेलाची एकुलती काकडी काढली, तुझ्या पानात ठेवायला. वांगी काढताना सगळे होडीत वाकले होते. टोपल्या भरल्या. काकांनी कुऱ्हाड उचलली.

आणि तशीच धरून उभे राहिले.

मोठी वांगी गेल्यावर खाली दडलेलं सगळं दिसायला लागलं होतं. बोटाएवढी नवी वांगी, आणि वर जांभळी फुलं. एका फांदीवर तर मधमाशी. दोन्ही होड्या फुलावर होत्या. काका मिठागरातले असले तरी त्यांच्या आईचं भाताचं शेत होतं. फुलावर आलेल्या झाडाला कुऱ्हाड लावणं म्हणजे पाप, हे त्यांना लहानपणीच सांगितलं गेलं होतं. ते मी त्यांना सांगायची गरज नव्हती. मी आयुष्यात तिसऱ्यांदा गप्प बसलो.

“ही फळं उतरू देत,” काका शेवटी कुऱ्हाडीला म्हणाले. “मंग बघू.”

जेवणाला त्यांनी वांग्याची भाजी दोनदा मागितली. पाचदा म्हणणार होतो. दोनदा.

तर धर्मा, आता पुढचं ऐक. तुला वाटत असेल, वांगी उतरतील आणि काका परत येतील. येतील. पण मीही मचवेवाला आहे. वाऱ्याची दिशा बघून शीड फिरवणं मला कळतं. खालच्या होडीतली वांगी उतरतील तोवर वरच्या होडीत मिरच्या फुलावर येतील. मिरच्या संपतील तेव्हा खाली काकडी आणि टोमॅटो फुललेले असतील. मध्ये पालेभाजी, कोथिंबीर, काहीतरी. वहिनीनं रोपं आधीच घातलीत, झावळीखाली, करवंट्यांत. मी माझ्या आणखी एका होडीचं बूड तपासलं. तिला अजून दोन वर्षं पाण्यात काढता आली असती, पण तिला जमिनीवर यायचं आहे असं तिनं मला स्वतः सांगितलं. तिसरी होडी आली की काकांना कुऱ्हाड घेऊन उभं राहायला जागाही उरणार नाही. त्यांना दर वेळी फुलंच दिसतील. ते म्हातारे होईपर्यंत, मी म्हातारा होईपर्यंत, त्या परसात एकही दिवस होडी रिकामी दिसणार नाही. तिचा भाऊ आला होता. भाजी घेऊन गेला. बहिणीला नेलं नाही.

आणि शिकायला लोक यायला लागलेत, धर्मा. तू आयुष्यभर वाट बघितलीस आणि एक माणूस नाही आला. आता खाडीपलीकडून दोघं आले, खारट शेतवाले. तेराव्याला जेवून गेलेल्यांनी त्यांना सांगितलं होतं. मी त्यांना बंदरावरच गाठलं. भरती चढत होती, होड्या लागत होत्या, ऐकायला माणसं होती, आणि मला राहवलं नाही. तू समजून घे, तुझ्यामागं तेवढंच माझ्याकडे उरलंय. मी सांगितलं, तेराव्याला धर्माच्या वेलाची एकच काकडी काढली, चौघांनी खांद्यावर वाहून आणली, भावकी जेवली, गाव जेवलं, आणि उरलेल्या सालीची आम्ही होडी करून खाडीत सोडली. ते दोघं हसायला लागले. मला माहीत होतं ते हसतील. आणि मला माहीत होतं तू असतास तर काय म्हणाला असतास. मी बोलता बोलता थांबून वाटसुद्धा बघितली.

चांगुणावहिनी तळ्यावरून घागर घेऊन येत होती. आमच्यापाशी थांबली नाही, मानही वळवली नाही.

“वीतभर व्हती, भावजी,” ती म्हणाली. “आन् दुपारचं पानी राह्यलंय.”